नवीन सुपरवायझर झालात? पहिला सीझन असा काढा

दिवाळी झाली की आपल्याकडे जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी (बी) वेगळी काढून रुईच्या गाठी बांधायचे कारखाने, सुरू होतात, आणि दरवर्षी कुठे ना कुठे एखाद्या पोराला मालक ऑफिसात बोलावून सांगतो, उद्यापासून तू सुपरवायझर. कालपर्यंत तो सगळ्यांसोबत बसून डबा खात होता, आज त्याच्या हातात हजेरीचं रजिस्टर. शिकवत कोणी नाही. मीही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये असाच झालो, त्याला आता चौदा सीझन झाले, आणि पहिल्या सीझनला मी ज्या चुका केल्या त्या तुमच्या हातून होऊ नये म्हणून हे लिहितोय. तुम्ही दालमिलमध्ये असा, भंडारा-गोंदियाकडच्या राईस मिलमध्ये असा, दूध संकलनावर असा की पतसंस्थेत, यातलं बरंचसं तुमच्याही कामाला येईल. उदाहरणं मात्र जिनिंगचीच देतो कारण मला तेच माहीत आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, बाकी सगळं तिच्याभोवतीच फिरतं. तुम्ही कागदावर लिहिलेला आकडा आणि तोंडाने दिलेला शब्द खरा निघतो का, एवढंच माणसं बघत असतात. तो खरा निघाला तर हळू आवाजात सांगितलेलं कामही होते. दोनदा खोटा निघाला की मग कितीही ओरडा.

पहिला आठवडा काहीच बदलू नका

चार्ज घेतल्याबरोबर नवीन नियम लावायची घाई होते, मलाही झाली होती, दुसऱ्याच दिवशी मी चहाची सुट्टी दहा मिनिटांनी कमी केली आणि तिसऱ्या दिवशी अर्ध्या लोकांनी माझ्याशी बोलणं सोडलं. तुम्ही फक्त फिरा. वजनकाट्याजवळ उभे राहा, गाड्या कशा लागतात, कापूस कुठे खाली होतो, कोणाला कोणासोबत काम करायला जमते ते बघा. मग बाया कापसातून कचरा वेचतात तिथे त्यांच्या बाजूला बसून स्वतः दोन तास वेचा. सुतळी, प्लास्टिकच्या पोत्याचे धागे, गुटख्याच्या पुड्या, केस, कवडी (नीट न उमललेला, खराब कापूस), काय काय निघते ते हाताला कळू द्या, आणि दोन तासांत पाठ काय म्हणते तेही कळू द्या, म्हणजे पुढे "हात चालवा" म्हणायच्या आधी तुम्ही जरा थांबाल. प्रेस हाऊसमध्ये एक गाठ बांधायला हात लावून बघा. काम येत नसेल तर येत नाही म्हणा आणि शिकवा म्हणा, त्यात काही कमीपणा नाही, उलट जुना माणूस खुश होतो.

आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा घेऊन गाव झाडायचे आणि कीर्तन रात्री. दिवसभर त्यांना झाडताना पाहिलेलं असायचं म्हणून रात्रीचं बोलणं लोकांच्या आत उतरायचं. मला तर सुपरवायझरसाठी याच्यापेक्षा चांगलं उदाहरण आपल्या मातीत दुसरं दिसत नाही.

याच आठवड्यात सगळ्यांची नावं पाठ करा. "ए बाई", "ओ लाल शर्ट" असं एकदाही तोंडातून निघू देऊ नका. वयाने मोठे असतील तर काकाजी, मावशी, आणि अहो-जाहो. आणि एका वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा की कोणाचं वावर किती, कोणत्या गावाला, कापूस आहे की तूर. हे कायले, असं वाटेल. सांगतो. आपले बहुतेक मजूर स्वतःच दोन-चार एकरवाले शेतकरी आहेत किंवा दुसऱ्याच्या वावरात वेचणीला जातात, आणि वेचणी जोरात आली की त्या आठवड्यात माणूस कमी पडणारच. आधीच माहीत असलं तर तुम्ही तसा मेळ बसवता, माहीत नसलं तर सकाळी गेटवर उभं राहून रिकाम्या शेडकडे बघत लोकांना शिव्या घालता.

हजेरी आणि हिशोब

हा भाग नीट वाचा, बाकी काही नाही वाचलं तरी चालेल.

माझ्या पहिल्या सीझनला एक मावशी होत्या, कामाला एकदम चोख. डिसेंबरात त्यांचं बोलणं अचानक कमी झालं, हाक मारली तर हो-नाही एवढंच. मला वाटलं घरचं काही असेल. दोन-तीन हप्ते गेले आणि एक दिवस सरकीच्या पोत्यांचा मेळ लावता लावता मी रजिस्टरचं मागचं पान उघडलं, तर एका बुधवारी त्यांच्या नावापुढे पूर्ण दिवसाची फुली. आणि त्या बुधवारी दुपारनंतर त्या कामावर होत्या हे मला पक्कं आठवत होतं, कारण मशीनचा पट्टा जळल्यासारखा वास येतोय म्हणून त्यांनीच मला हाक मारली होती. म्हणजे मी फुली मारली सकाळी, त्या आल्या दुपारी, आणि मी ते दुरुस्तच केलं नाही. अर्ध्या दिवसाचे पैसे कापले गेले. मी विचारलं, मावशी, सांगितलं काऊन नाही? त्या म्हणाल्या, "कायले सांगू भाऊ, तुमी कागदावर लेयलं तेच खरं."

ते वाक्य मला आजही टोचते. पैसे शे-दीडशेच होते, पण बाजाराच्या दिवशी त्या बाईच्या थैलीत तेवढी भाजी कमी गेली आणि ती माझ्या हाताने गेली. पुढच्या हप्त्याला मी सगळ्यांसमोर सांगितलं की चूक माझी होती, एवढे पैसे द्यायचे राहिले, आणि ते त्यांच्या हातात दिले. त्या दिवसापासून मी जे करतो ते तुम्ही पहिल्या दिवसापासून करा: संध्याकाळी सुट्टी व्हायच्या पाच मिनिटं आधी हजेरी मोठ्याने वाचायची, नाव आणि पूर्ण की अर्धा, आणि ओव्हरटाइम असेल तर किती तास. कोणाला काही म्हणायचं असेल तर तिथेच म्हणेल. पाच मिनिटं जातात पण हप्त्याच्या, म्हणजे आठवड्याच्या मजुरीच्या, दिवशीचं भांडण संपते. ओव्हरटाइमचा दर कायद्याने दुप्पट आहे, तो मालक देतो की नाही हे तुमच्या हातात नसेल, पण किती तास झाले ते खरं लिहिणं शंभर टक्के तुमच्या हातात आहे.

आणि हप्ता बाजाराच्या आदल्या दिवशी किंवा बाजाराच्या दिवशी सकाळी मिळेल असं बघा. सोमवारी गावचा बाजार आणि हप्ता मंगळवारी, असं झालं तर माणूस उधारीवर जातो. मालकाला हे एकदा शांतपणे सांगितलं तर पटते, त्याचा यात एक रुपया जास्त जात नाही.

काम सांगायची पद्धत

"तिकडचं जरा बघून घे" हे काम सांगणं नाही. कोणी करायचं, काय करायचं, कधीपर्यंत, आणि झालं की कोणाला सांगायचं, हे सगळं त्या एका सांगण्यात आलं पाहिजे. जसं की, "भाऊ, तुम्ही आणि हा पोरगा, तीन नंबरच्या ढिगातला ओला कापूस वेगळा काढून शेडच्या दक्षिणेला पसरवा, जेवणाच्या सुट्टीपर्यंत, आणि झालं की मला प्रेसवर येऊन सांगा." मग विचारा, काय करायचं आहे सांगा बरं? पहिल्यांदा हे विचारायला अवघड वाटते, समोरच्याला वाटेल की आपली परीक्षा घेऊन राहिला, म्हणून मी असं म्हणतो की माझं सांगायचं काही राहिलं का बघा. मग ते स्वतःच सगळं परत बोलतात आणि नाही समजलं तेही बाहेर येते.

व्हॉट्सॲप ग्रुप असेल तर लक्षात ठेवा की सगळ्यांना वाचता येत नाही, साधा व्हॉइस मेसेज टाका, आपल्या बोलीत. आणि ग्रुपवर कोणाला कधीच झापू नका, तो मेसेज त्याच्या घरी त्याची पोरगी वाचते.

चूक झाली तर

"कोणी केलं?" हा प्रश्न शेवटी ठेवा. आधी "काय झालं?" कारण कोणी केलं विचारलं की सगळे गप्प होतात, आणि बिघाड दुरुस्त व्हायच्या ऐवजी एकमेकांकडे बोटं जातात. रागवायचंच असेल तर गोदामाच्या मागे, लिंबाखाली, दोघंच. चारचौघात माणसाचं पाणी उतरवलं की तो काम सोडून जातो नाहीतर काम धरून तुमचं काम बिघडवतो, मी दोन्ही पाहिलं आहे. फक्त एका गोष्टीला माफी नाही: शेडमध्ये बिडी, माचिस. त्याला पहिल्यांदाच घरी पाठवायचं, मग तो तुमचा साळा का असेना.

आगीचं बोललोच तर हे पूर्ण सांगतो, कारण लीडर काय असतो ते मला त्या रात्री कळलं. फेब्रुवारी होता, रात्रपाळी, कापसातून दगड का लोखंडाचा तुकडा मशीनमध्ये गेला, ठिणगी पडली, आणि धूर दिसला. मी ओरडत सुटलो, पाणी आणा, ढीग ओढा, इकडे या, तिकडे जा. चार माणसं चार दिशेला पळाली. तेवढ्यात साठीला आलेले एक काकाजी, जे एरवी दिवसभर एक शब्द बोलत नाहीत, ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "भाऊ, पह्यले पंखा बंद करा, मंग पानी." रुई ओढून नेणारा पंखा चालूच होता आणि तो ठिणग्या पाइपातून पुढे पुढे नेत होता. मेन बंद केली, मग पाणी मारलं, ज्या रुईत धूर होता ती तेवढी वेगळी करून बाहेर मोकळ्यावर नेऊन भिजवली, आणि त्या रुईकडे रात्रभर एक माणूस बसून बघत राहिला कारण कापूस आतून धुमसत राहतो आणि चार तासांनी परत पेट घेतो. फार नुकसान नाही झालं. पण ते काकाजी नसते तर मी ओरडत ओरडत सगळी शेड जाळली असती.

त्याच्यानंतर मी दोन कामं केली. एक, सीझन सुरू व्हायच्या आधी अर्धा दिवस सगळ्यांना घेऊन ठरवतो की आग लागली तर मेन कोण बंद करेल, पाइप कोण धरेल, बायांना आणि लेकरांना कोणत्या दाराने कोण बाहेर काढेल, आणि हे खरंच करून बघतो. दुसरं, अशा वेळी हुकूम एकाचाच चालेल हेही तेव्हाच ठरवतो, आणि रात्रपाळीला तो हुकूम त्या काकाजींचा होता, माझा नाही. ज्याला जास्त कळते त्याच्या हातात हुकूम दिल्याने तुमची खुर्ची लहान होत नाही.

बाकी निर्णय मात्र सगळ्यांना बसवून घ्या. गडचिरोलीतलं धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा तुम्हाला माहीत असेल, 2009 मध्ये त्या गावाला जंगलावरचा सामूहिक वनहक्क मिळाला. तिथे ग्रामसभेत बहुमताने हात वर करून ठरवत नाहीत, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलत राहतात, एकाचं जरी पटत नसलं तरी परत बसतात. जिनिंगमध्ये एवढा टाइम नसतो हे खरं. पण पाळ्या कशा लावायच्या, सणावाराला आणि लग्नसराईत सुट्ट्या कोणाला आधी, असल्या गोष्टींना एक संध्याकाळ द्या. मी सुट्ट्यांचा कागद स्वतः बनवायचो तेव्हा रोज कोणीतरी रुसलेलं असायचं, आता तेच बसून ठरवतात आणि एकमेकांचं सांभाळूनही घेतात.

मालक आणि मजूर यांच्या मधात

ही सगळ्यात अवघड जागा. वरून दाब, खालून तक्रार. इथे एकच उपाय कामी येतो, आकडा घेऊन जा. मालक म्हणाला परवापर्यंत शंभर गाठी पाहिजे, तर "हो साहेब" म्हणून बाहेर येऊ नका. एक गाठ 170 किलोची, एका क्विंटल कापसातून रुई साधारण 33 ते 35 किलो निघते, म्हणजे एका गाठीला पाच क्विंटल कापूस, शंभर गाठींना 500 क्विंटल. आज ढिगात कोरडा कापूस किती आहे, मशीन किती चालू आहेत, लाइट किती तास राहते, एवढं तिथल्या तिथे मांडा आणि सांगा की साहेब, ऐंशी होतील, शंभर पाहिजे असतील तर एक मशीन दुरुस्त करून द्या आणि रात्रीच्या माणसांना ओव्हरटाइम मंजूर करा. मालक चिडेल. चिडू द्या. ऐंशी सांगून ऐंशी दिल्या की पुढच्या वेळी तो तुम्हाला आधी विचारेल. शंभर सांगून सत्तर दिल्या की तुमचा शब्द दोन्हीकडून गेला, वरही आणि खालीही, कारण मजुरांनाही तुम्ही त्या शंभरासाठी रगडलेलं असते.

मजुरांचं वर नेतानाही तसंच. "लोक नाराज आहेत" म्हणू नका, "पिण्याच्या पाण्याचा कॅन दुपारी दोनलाच संपतो, अजून दोन कॅन लागतील" म्हणा. काम झालं नाही तर खाली येऊन खरं सांगा की मागितलं, दिलं नाही, परत मागेन. गोड खोटं बोलू नका.

गेटवर शेतकऱ्यासोबतही हीच गत. सीसीआयची (सरकारी कापूस महामंडळाची) खरेदी असेल तर ओलाव्याची हद्द 8 ते 12 टक्के, आणि एखाद्याची गाडी बाराच्या वर निघाली की मीटर लावणाऱ्या पोरावर सगळा राग निघतो. तिथे पोराला एकटं सोडू नका, तुम्ही जा, मीटर शेतकऱ्याच्या हातात द्या, गाडीत तीन-चार जागी त्यालाच लावू द्या. रात्रभर रांगेत थांबलेला माणूस आहे तो, त्याला आधी पाणी विचारा.

बायांचं वेगळं लिहितो कारण कोणी लिहीत नाही

संडास आहे का, त्याला आतून कडी आहे का, पाणी आहे का, तिथपर्यंत लाइट आहे का. पहिल्या दिवशी स्वतः जाऊन बघा. आमच्याकडे दोन सीझन बाया दिवसभर पाणीच कमी प्यायच्या कारण कडी तुटलेली होती, आणि मला ते एका वहिनीने सांगितलं तेव्हा कळलं, तीही माझ्या बायकोला सांगून. लहान लेकरू घेऊन येणारी असेल तर झोका मशीनपासून दूर, धूळ नाही अशा जागी बांधायला लावा, ओढणी-पदर पट्ट्यात अडकणार नाही असा खोचायला रोज सांगा, रोज. संध्याकाळी उशीर झाला तर त्या गावापर्यंत कशा जातील हे तुमचं काम आहे, त्यांचं नाही.

आणि 2013 चा कायदा आहे, दहा किंवा जास्त माणसं कामाला असली की लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती पाहिजे, अध्यक्ष बाईच पाहिजे, आणि दहापेक्षा कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करायची असते. ही माहिती भिंतीवर लावा आणि तोंडानेही सांगा. एखाद्याच्या "मजाकी"ने कोणी बाई गप्प झालेली दिसली तर ती तक्रार घेऊन येईल याची वाट बघू नका.

नातं, जात, पार्टी

गावातच काम म्हटलं की तुमचा भाचा तिथे असणार, ज्याच्याशी बांधावरून वाद आहे तोही असणार, आणि ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की अर्धी शेड या पॅनलची, अर्धी त्या. हलकं काम भाच्याला आणि पोती उचलायला दुसऱ्याच्या पोराला, हे लोक पहिल्या दिवशी ओळखतात. मी कामांची पाळी भिंतीवर खडूने लिहितो, दर सोमवारी फिरते, कोणाचंही नाव असो. चहाला सगळ्यांना एकच भांडं, एकच कप, कोणासाठी वेगळा ठेवला जात असेल तर तो त्याच दिवशी बंद, आणि त्या कपात पहिला चहा तुम्ही प्या. यावर चर्चा नाही करायची, करून टाकायचं.

जुन्या दोस्तांचं जरा जड जाते. कालपर्यंत खांद्यावर हात टाकणारा आज उशिरा येतो आणि डोळा मारतो. त्याला पहिल्याच वेळी, घरी जाऊन, खाटेवर बसून सांगा की बावा, तुझा अर्धा दिवस मी अर्धाच लिहीन, दोस्ती गेटच्या बाहेर. माझा एक दोस्त सहा महिने बोलला नाही. आता बोलतो.

दुसरा माणूस तयार करा

पहिल्याच सीझनमध्ये एकाला तरी तुमचं सगळं काम शिकवा, रजिस्टर, सरकीचा हिशोब, गाठींचे नंबर, मालकाशी बोलणं. आपलं महत्त्व कमी होईल अशी भीती वाटते, मलाही वाटायची. मग बापाच्या आजारपणात मला बारा दिवस नागपूरला राहावं लागलं आणि जिनिंग चाललं, कारण एका पोरीला मी हजेरी शिकवली होती आणि ती रोज संध्याकाळी मोठ्याने वाचत होती.

सीझन संपायच्या शेवटच्या हप्त्याला सगळ्यांचा हिशोब चुकता झाला का ते नाव घेऊन बघा, कोणाचे दहा रुपये राहू देऊ नका. मग चहा सांगा आणि प्रत्येकाला विचारा, यावर्षी कशाचा त्रास झाला. उत्तर देऊ नका, फक्त लिहा. आमच्याकडे पाण्याचे कॅन असेच वाढले. दसऱ्याच्या आधी ती वही काढा, त्यातलं काय झालं काय नाही ते बघा, आणि मगच एकेकाला फोन लावा की काकाजी, वेचणी कधी आहे, केव्हापासून येता.